जनमत चाचण्या आणि आपली वस्ती

(सोनई येथील कार्यकर्ता शिबिरात सप्टेंबर २००४ मध्ये झालेले भाषण. टिपणावरून उतरवून घेतले आहे. बोलण्यातली भाषा शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)

साथींनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या मावश्यांनो,

आज मला खरं तर गायरानाच्या दाव्यांवर बोलायचं होतं. पण सकाळच्या बैठकीत एक गोष्ट निघाली आणि ती बाजूला सारता येईना. एका वस्तीवरच्या पोरानं पेपराचं कात्रण खिशातून काढलं. विधानसभेला कोण येणार याचा अंदाज त्यात छापलेला. पोरगा म्हणाला, "येणार तर हेच येणार. मग आपलं मत दुसरीकडं टाकून वाया कशाला घालायचं? निवडून येणाऱ्याच्या मागं राह्यलो तर गायरानाचं काम तरी होईल." चार-पाच जणांनी माना हलवल्या. मीही गप्प बसलो, कारण मला लगेच उत्तर सुचलं नाही. जेवणाच्या सुट्टीत विचार केला. ते उत्तर आता देतो, जमेल तसं.

पोराची चूक नाही. १९९१ चा शासन निर्णय आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे: १४ एप्रिल १९९० पूर्वी जो भूमिहीन गायरान कसत होता त्याचं अतिक्रमण नियमित करायचं. तेरा वर्षं झाली. कागद तलाठ्याकडून तहसीलला आणि तहसीलमधून परत तलाठ्याकडे फिरतोय. अशा माणसाला वाटणारच की जिंकणाऱ्याचा हात धरावा. प्रश्न एवढाच आहे, की कोण जिंकणार हे त्या कात्रणाला कुठून कळलं?

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट आठवा. लोकसभा. डिसेंबरात मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड जिंकल्यावर दिल्लीच्या सरकारला हुरूप आला आणि निवडणूक सहा महिने अगोदर घेतली. भारत चमकतोय अशा जाहिराती टीव्हीवर रोज. त्या वेळी आपल्या जिल्ह्यात काय चमकत होतं ते तुम्हाला माहीत आहे. दुष्काळ होता, टँकर होते, जनावरं छावणीत होती. निवडणुकीच्या चार टप्प्यांत मतदान झालं, शेवटचं १० मेला. बाहेर पडणाऱ्या मतदाराला विचारून जी चाचणी करतात, ज्याला एक्झिट पोल म्हणतात, ती प्रत्येक चॅनेलनं केली. कुणी रालोआला २३०-२५० दिल्या, कुणी २७५ पर्यंत नेऊन ठेवल्या. वाद एवढाच की बहुमत स्वतःचं होणार की दोन-चार पक्ष मागायला लागणार. १३ मेला पेट्या नाही, यंत्रं उघडली. भाजप १३८, काँग्रेस १४५. सगळी रालोआ मिळून दोनशेच्याही खाली. एकाही मोठ्या चॅनेलचा आकडा जवळपास नव्हता.

तेव्हा आपल्यातले पुष्कळ जण हसले. "पैसे घेऊन छापतात" म्हणाले. मी तसं म्हणायला तयार नाही, आणि का नाही ते जरा सविस्तर सांगतो. चोर म्हटलं की विचार संपतो, आणि इथं तर विचार करण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी एक मान्य करू. थोड्या लोकांना विचारून सगळ्यांचं कळतं, ही गोष्ट खोटी नाही. आपल्या बाया रोज तेच करतात. शितावरून भाताची परीक्षा. भगुण्यातलं एक शीत दाबून बघतात, सगळा भात मोजत बसत नाहीत. पण केव्हा? भगुणं नीट ढवळलेलं असेल तेव्हा. चुलीत एका अंगालाच जाळ असेल, तर त्या बाजूचं शीत शिजलेलं लागतं आणि दुसरीकडं कच्चे तांदूळ राहतात. आपला समाज ढवळलेलं भगुणं नाही. गावठाण एकीकडे, वस्ती दुसरीकडे. बागायत कालव्याखाली, जिरायत माळावर. शीत कुठून उचललं हाच सगळा प्रश्न आहे.

अमेरिकेत १९३६ साली एका मासिकानं, लिटररी डायजेस्ट त्याचं नाव, एक कोटी लोकांना पत्रं पाठवली. वीस लाखांच्या वर उत्तरं आली. एवढी मोठी चाचणी आजवर कुणी केली नसेल. त्यांनी सांगितलं, रूझवेल्ट पडणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकला. झालं असं होतं की पत्रं पाठवायला त्यांनी नावं घेतली टेलिफोनच्या यादीतून, मोटारवाल्यांच्या यादीतून आणि आपल्या वर्गणीदारांतून. मंदीचा काळ, लाखो लोक बेकार. ज्याच्याकडे फोन नाही, मोटार नाही, तो त्या यादीतच नव्हता, आणि मत तर त्याला होतंच. त्याच निवडणुकीत गॅलप नावाच्या माणसानं त्यामानानं अगदी थोड्या लोकांना विचारलं, पण निरनिराळ्या थरांतून निवडून, आणि त्याचं उत्तर बरोबर आलं. म्हणजे किती जणांना विचारलं यापेक्षा कुणाला विचारायचं राहिलं, हे बघायचं.

आता आपल्याकडे येऊ. २००१ च्या शिरगणतीप्रमाणे महाराष्ट्रात दर शंभरात साधारण नऊ आदिवासी. समजा राज्यात एक हजार माणसांना विचारलं आणि अगदी प्रामाणिकपणे विचारलं. त्यात नव्वद आदिवासी येतील. हे नव्वद कुठले? नंदुरबार, धुळे, नाशिक, ठाणे, गडचिरोली, यवतमाळ, अमरावती. आपल्या जिल्ह्यातून अकोल्याचा एखादा महादेव कोळी, एखादा ठाकर. नेवासा-राहुरी पट्ट्यातला, मुळेच्या नाहीतर प्रवरेच्या काठचा भिल्ल? आला तर एखादा. नाही आला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. आणि त्या एकाचं मत हे पेपरात "आदिवासींचा कल" म्हणून छापून येणार.

गणिताचे लोक स्वतःच सांगतात की हजार जणांच्या चाचणीत आकडा तीन टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. नव्वद जणांच्या आकड्यात तोच फरक दहा टक्क्यांवर जातो. आता मेमधला महाराष्ट्राचा निकाल बघा. युतीला मतं साधारण पावणेत्रेचाळीस टक्के, आघाडीला साधारण बेचाळीस. टक्काभरही फरक नाही. जागा युतीला २५, आघाडीला २३, त्यातली एक रिपब्लिकन पक्षाची. जिथं तराजू एवढा जवळ तिथं तीन टक्के हलणारा काटा काय सांगणार? त्यात मतं आणि जागा यांचा मेळ नाही. बसपासारख्या पक्षानं थोडी मतं घेतली की दोन-चार मतदारसंघ उलटतात. म्हणून ऑक्टोबरचं जे कात्रण खिशात आहे, ते घडी करून परत खिशात ठेवा. ते खोटं नसेलही. पण जे कळू शकत नाही ते ते सांगतंय.

आता मुख्य गोष्ट. सगळ्या पक्षांच्या मतदारांना या चाचण्या सारखा न्याय देतात का?

मला वाटतं, नाही देत. पण नेहमी एकाच पक्षावर अन्याय होतो असंही नाही, आणि हे आपल्यातल्या काही जणांना रुचत नाही. मे महिन्यात चूक रालोआच्या बाजूनं झाली म्हणून "या चाचण्या त्यांच्याच" असं आपण म्हणालो. पण छत्तीसगडमध्ये गेल्या डिसेंबरात उलटं झालं. दर तीन माणसांत एक आदिवासी असं ते राज्य. काँग्रेस राज्य राखेल असे अंदाज चाचण्यांतून निघाले होते, आणि भाजपनं ९० पैकी ५० जागा घेतल्या. तिथल्या आदिवासी मतदाराचं मन कळलं नाही, तेव्हा फटका दुसऱ्या बाजूला बसला. इंग्लंडात १९९२ साली सगळ्या चाचण्या म्हणत होत्या मजूर पक्ष पुढे आहे, निदान बरोबरीत आहे. हुजूर पक्ष साडेसात टक्क्यांनी पुढं निघाला. नंतर शोध घेतला तेव्हा एक कारण असं निघालं की त्या पक्षाला मत देणारे लोक ते उघड सांगायला लाजत होते. म्हणजे जिथं ज्या पक्षाचं नाव घेणं अवघड, तिथं त्या पक्षाचा मतदार चाचणीत दिसत नाही. पक्ष कुठलाही असो.

आपल्या गावांत हे अवघडपण कशानं ठरतं? ज्याच्या हातात सोसायटी, दूध डेअरी, कारखान्याची ऊसतोड, रेशनचं दुकान, त्याच्यावरून. एका गावात एका गटाची सत्ता, तिथं दुसऱ्याचा मतदार तोंड उघडत नाही. पाच कोसांवर दुसऱ्या गटाची सत्ता, तिथं उलटं. आणि नगर जिल्ह्यात तर "पक्ष" हा शब्दच जरा जपून वापरावा लागतो. बाळासाहेब विखे पाटील १९९९ ला कोपरगावातून शिवसेनेच्या धनुष्यबाणावर निवडून गेले, दिल्लीत मंत्री झाले, आणि या मे महिन्यात त्याच कोपरगावातून काँग्रेसच्या हातावर निवडून आले. मतदार तेच, गावं तीच. बाहेरून आलेल्या सर्वेवाल्यानं तिथल्या माणसाला विचारलं, "मागच्या वेळी कोणत्या पक्षाला मत दिलं? या वेळी कोणत्या?" तर तो कागदावर लिहिणार, "या मतदाराचं मन बदललं." त्याचं काहीही बदललेलं नव्हतं. मी यात नेत्यांना नावं ठेवत नाही, तो वेगळा विषय. मी म्हणतो, फॉर्मातला रकाना आणि गावातली गोष्ट यांची गाठ पडत नाही.

एप्रिलातला एक प्रसंग सांगतो. गावाचं नाव घेत नाही, वस्तीतल्या माणसांना त्रास नको. दोन पोरं मोटरसायकलवरून आली, गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म. चांगली पोरं, शिकलेली, घामाघूम झालेली. रस्ता दाखवायला त्यांनी स्टँडवरून एक माणूस घेतला होता. तो माणूस कोणाचा हे वस्तीत पोराबाळांनाही ठाऊक. तो खाटेवर बसला आणि चाचणी सुरू. पहिल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, "आमचं काय सायेब, समदे म्हणतील तिकडं." दुसऱ्यानं खाटेवरच्या माणसाकडं बघितलं आणि त्याच्या पक्षाचं नाव सांगितलं. एका बाईला विचारलं तर ती म्हणाली, "मालकाला इचारा, ते कामावर गेलेत." पोरानं आणखी दोनदा विचारलं, मग "सांगता येत नाही" वर खूण केली. त्या पाच जणांपैकी दोघांनी नंतर मला दुसरंच सांगितलं, आणि बाईनं तर सगळ्यात स्पष्ट सांगितलं, कारणासकट.

फॉर्म मी त्या पोराकडून मागून बघितला. त्यानं दिला, लपवायचं काही नव्हतं. "तुमच्या भागातला सर्वात मोठा प्रश्न कोणता?" खाली यादी: बेकारी, महागाई, भ्रष्टाचार, वीज, पाणी, रस्ते, दहशतवाद. शेवटी "इतर". वस्तीतल्या तिघांनी सांगितलं, जमीन नावावर होत नाही. तिघंही "इतर" मध्ये गेले. आता छापताना "इतर" कधी कुणी छापतं का?

त्या पोरांवर माझा राग नाही. दिवसाला इतके फॉर्म भरले तर इतके पैसे, अशी त्यांची मजुरी. यादीतल्या माणसाचं घर बंद असेल तर शेजारच्या घरी जायचं. आणि आपली घरं एप्रिलात बंदच असतात. कोण कांदा काढायला, कोण वीटभट्टीवर, कोण अजून ऊसतोडीवरून परत आलेलं नाही. शेजारचं उघडं घर म्हणजे ज्याला घरी राहणं परवडतं त्याचं घर. यात कुणी ठरवून काही केलं नाही. तरी लिटररी डायजेस्टचीच गोष्ट परत झाली.

चांगलं काम करणारेही आहेत, तेही सांगायला पाहिजे. दिल्लीत रजनी कोठारींनी १९६३ साली विकासशील समाज अध्ययन पीठ काढलं. तिथले लोक १९६७ पासून निवडणुकांचा अभ्यास करतात. ते मतदार यादीतून नावं काढतात, घरी जातात, आणि मताचा प्रश्न आला की माणसाच्या हातात खोटी मतपत्रिका देतात. त्यानं तोंडानं बोलायचं नाही, खूण करून पेटीत टाकायची. खाटेवरच्या माणसाला काही कळत नाही. निवडणुकीनंतर दलित, आदिवासी, बाया, गरीब यांनी किती मतदान केलं याचा हिशोब ते मांडतात. आपण जे भाषणात ठोकून सांगतो, की गरीब माणूस श्रीमंतापेक्षा कमी मतदान करत नाही, त्याला आधार याच कामाचा आहे. पण अशा कामाला वेळ लागतो आणि चॅनेलला आकडा आज रात्री नऊला पाहिजे.

गुप्त मतदानाबद्दल आणखी एक गोष्ट, जरा आडवळणाची, पण आपल्यासाठी मोठी. या वेळी पहिल्यांदा सगळ्या देशात यंत्रावर मतदान झालं. यंत्र बरं की वाईट यात मी पडत नाही. पण कागदाची मतं मोजताना अनेक बूथांच्या मतपत्रिका एकत्र मिसळता येत होत्या. यंत्राचा आकडा बूथवार निघतो. मोठ्या गावात त्यानं फरक पडत नाही. पण ज्या बूथवर बहुतेक मतं आपल्याच वस्तीची, तिथं निकालाच्या दुसऱ्या दिवशी गावाला कळतं की वस्ती कुठं गेली. मे महिन्यानंतर दोन ठिकाणी "तुम्ही आम्हाला दिलं नाही" म्हणून मजुरीला बोलावणं बंद झाल्याचं तुम्ही सकाळी सांगितलंत. असं असताना सर्वेवाल्याला खरं कोण सांगेल?

आणि आता आपली स्वतःची चूक. ती लपवून मला पुढं जाता येणार नाही. एप्रिलात आपण संघटनेनंही एक अंदाज काढला होता. कार्यकर्ते वस्त्यांवर गेले, बैठका घेतल्या, हात वर करायला सांगितले. वहीत लिहिलं, "सर्व वस्त्या आपण सांगू तिकडे." निकाल लागल्यावर बूथचे आकडे आले. काही वस्त्यांवर बरोबर होतं. दोन वस्त्यांवर आपण सांगितलेल्या उमेदवाराला निम्मीही मतं नव्हती. आपण काय केलं होतं? खाटेवर बसलो होतो. बैठकीत हात वर कर म्हटल्यावर कोण नाही करणार? मोटरसायकलवाल्या पोरांपेक्षा आपली चाचणी वाईट होती, कारण आपल्याला खात्री होती की लोक आपले आहेत. यावर काही साथींनी "लोक फुटले, पैसे घेतले" असं म्हटलं. असेलही कुठं. पण लोकांना आपला निर्णय पटला नव्हता आणि तो सांगायची जागा आपण ठेवली नव्हती, ही शक्यता कुणी वहीत लिहिली नाही. मीही नाही लिहिली.

या चाचण्यांवर बंदी घाला, अशीही एक मागणी आहे. निवडणूक आयोगानं १९९८ ला तसं बंधन घातलं होतं. १९९९ ला प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयानं विचारलं की कायदा नसताना तुम्ही हे कुणाच्या बळावर राबवणार, आणि आयोगानं आपला आदेश मागे घेतला. यंदा पुन्हा कायदा करा म्हणून चर्चा आहे. माझं मत विचाराल तर, मतदानाचे टप्पे बाकी असताना एक्झिट पोल दाखवू नयेत हे मला पटतं. पहिल्या टप्प्यातल्या माणसाचं मत तिसऱ्या टप्प्यातल्याच्या कानात ओरडण्यासारखं आहे ते. पण चाचणीच करू नका, छापूच नका, याला मी तयार नाही. आज चाचणी बंद, उद्या आपलं हे बुलेटिन बंद.

आता पोराच्या प्रश्नाकडे. जिंकणाऱ्याच्या मागं राहिलं तर काम होतं का? मे २००२ ला केंद्रानं पत्र काढलं, जंगलातली अतिक्रमणं सप्टेंबरपर्यंत हटवा. अकोल्यातल्या साथींना ते दिवस आठवत असतील. ते सरकार जिंकलेलंच होतं. मग निवडणूक तोंडावर आली आणि ५ फेब्रुवारी २००४ ला त्याच सरकारनं परिपत्रक काढलं, आदिवासींचे १९९३ अखेरपर्यंतचे कब्जे मान्य करू. अठरा दिवसांत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. मे अखेर नवीन सरकार आलं, त्यांच्या किमान समान कार्यक्रमात लिहिलंय की आदिवासींना जंगलातून हुसकावणं थांबवू. हे वाक्य कुठून आलं? एकाही चाचणीच्या यादीत "जंगल जमीन" हा रकाना नव्हता. देशभर मोर्चे निघाले, जनसुनवाया झाल्या, लोकांनी दावे लिहून तहसीलात नेऊन आदळले, त्यातून ते आलं. कोण जिंकणार हे त्या वेळी मोर्चातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून माझी सूचना अशी. १३ ऑक्टोबरला कुणाला मत द्यायचं हे या वेळी हात वर करून ठरवू नये. संघटनेनं उमेदवारांना प्रश्न विचारावेत, उत्तरं लेखी घ्यावीत, वस्त्यांवर वाचून दाखवावीत आणि तिथून उठून यावं. यावर वाद होणार, माहीत आहे, संध्याकाळच्या सत्रात करू. सर्वेवाला आला तर हाकलू नका. त्याला म्हणा, बरोबरचा माणूस लांब उभा कर. बायांनी आपलं उत्तर आपण द्यावं, आणि द्यायचं नसेल तर "सांगायचं नाही" म्हणावं. "मालकाला विचारा" म्हणू नये. जमिनीचं सांगितलं आणि तो "इतर" वर खूण करायला लागला, तर समोर "जमीन" हा शब्द लिहायला लावा.

आणि चाचणीत येणं न येणं पुढची गोष्ट, आधी यादीत आहोत का ते बघा. मे महिन्यात किती तरी जण नाव नाही म्हणून परत आले. कुणाला जिवंतपणी मयत दाखवलंय, कुणाचं आडनाव बदललंय, सून आली तिचं नाव माहेरीच राहिलंय. अजून मुदत आहे. नेवासा आणि राहुरीकडच्या काही वस्त्यांच्या याद्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत, फॉर्म नंबर ६ चे कोरे कागदही आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शाळेतली पोरं वाचून दाखवतील. चहा व्हायला अर्धा तास आहे, तेवढ्यात सगळ्यांची नावं बघून होतील.